मॅगझिन किती घ्यायचे? आधी काम सांगा



भात झोडून घरात आलं, वाल वीतभर झालाय, बांधावरच्या तुरीला फूल दिसायला लागलंय. शेताची बातमी या आठवड्यात एवढीच. आजची नोंद बंदुकीची आहे. ज्यांच्याकडे परवाना आहे त्यांनी नीट वाचा, ज्यांच्याकडे नाही त्यांनीही वाचा, कारण मुद्दा शेवटी स्पेअर पार्टचाच आहे आणि तो आपल्या सगळ्यांच्या घरात असतो.

आमच्या खारबावातली दोन पोरं हल्ली रायफल क्लबात जातात. गोदामाला जमीन गेली, पैसे आले म्हणून हे शौक, असं लोक म्हणतात. म्हणू देत. बारमध्ये बसण्यापेक्षा वरळीच्या रेंजवर उभं राहिलेलं कधीही चांगलं. त्यातल्या एकाने विचारलं, "काका, पॉइंट टू टूचं पिस्तूल घेतोय. जास्तीची मॅगझिनं किती घेऊ? व्हिडिओत तर एका पिस्तुलामागे दहा सांगतात."

माझं मत: तीन. पिस्तुलाबरोबर जी येतात ती धरून तीन. आणि माझ्यासारख्या पीक राखणाऱ्या दुनळीवाल्याला शून्य, कारण दुनळीला मॅगझिन नसतंच. नुसता आकडा सांगून मोकळं होता आलं असतं, पण मग तो दहाचा व्हिडिओ आणि माझं तीन यात फरक काय राहिला?

आधी शब्द साफ करू. लोक क्लिप आणि मॅगझिन एकच समजतात. मॅगझिन म्हणजे स्प्रिंग असलेला डबा, जो काडतूस वर ढकलत राहतो. क्लिप म्हणजे नुसती पत्र्याची पट्टी, काडतुसं एकत्र धरून ठेवणारी. पोलिसांकडची जुनी थ्री नॉट थ्री ज्यांनी जवळून पाहिली असेल त्यांना लगेच कळेल. तिचं मॅगझिन दहाचं, क्लिप पाचाची. दोन क्लिपा वरून दाबून रिकाम्या केल्या की मॅगझिन भरलं. ही रायफल आपल्याकडे बंगालमधल्या ईशापूरच्या कारखान्यात बनायची. आज रेंजवर हौसेने जाणाऱ्या माणसाचा क्लिपशी संबंध जवळपास येत नाही. तेव्हा क्लिपचा विषय इथेच संपला.

आता कामाकडे. २५ मीटर पिस्तुलाच्या स्पर्धेत एका वेळी पाचच गोळ्या भरायच्या असतात. मॅगझिनमध्ये दहा मावत असतील तरी पाच. महिलांच्या २५ मीटर प्रकारात पहिल्या टप्प्यात पाच गोळ्यांसाठी पाच मिनिटं मिळतात, तीस गोळ्या म्हणजे सहा फेऱ्या. दुसऱ्या टप्प्यात पुन्हा सहा फेऱ्या, पण तिथे निशाणा फक्त तीन सेकंद समोर असतो, मग सात सेकंद थांबायचं, मग पुन्हा तीन. पुरुषांच्या रॅपिड फायरमध्ये पाच गोळ्या आठ सेकंदांत, नंतर सहात, नंतर चारात. घाई गोळ्या मारताना आहे. भरताना नाही, भरायला हुकूम होतो आणि वेळ मिळतो. म्हणजे एक मॅगझिन पिस्तुलात, एक हाताशी भरायला, आणि एक पेटीत, पहिल्या दोनपैकी एखादं रुसलं तर. चौथं कुठे वापरणार? बसून मोजा, जागा सापडत नाही.

कोल्हापूरच्या राही सरनोबतने २०१८ च्या जकार्ता आशियाई स्पर्धेत याच २५ मीटर पिस्तुलात सुवर्ण मिळवलं. तिच्या पेटीत किती मॅगझिनं होती ते मला माहीत असण्याचं कारण नाही, पण एका फेरीत पाचच्या वर गोळी तिलाही भरता येत नव्हती.

आणि त्याच कोल्हापूर जिल्ह्यातला, राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीचा स्वप्नील कुसाळे. पॅरिसला २०२४ साली ५० मीटर रायफल थ्री पोझिशनमध्ये कांस्यपदक. त्या प्रकारात रायफल एकगोळीच लागते. गुडघ्यावर, आडवं पडून आणि उभं राहून प्राथमिक फेरीत प्रत्येकी २० अशा साठ गोळ्या, आणि प्रत्येक गोळी हाताने आत सरकवायची. मॅगझिन शून्य. तेजस्विनी सावंत २०१० साली म्युनिकला ५० मीटर प्रोनमध्ये जगज्जेती झाली, तीही तसल्याच एकगोळी रायफलवर. ऊस पिकवणाऱ्या जिल्ह्याने दिलेले हे नेमबाज आहेत. दहा मीटर एअर रायफल आणि एअर पिस्तूल, ज्यावर नव्वद टक्के पोरं सुरुवात करतात (टक्केवारी माझ्या अंदाजाची, क्लबातली गर्दी बघून), तिथेही छर्रा एकेकच. म्हणून नवीन पोराने मॅगझिनचा विचार करायच्या आधी वर्षभर एकेक छर्रा मारावा असं माझं मत आहे. हाताला सवय लागते की गोळी मोजून मारायची असते.

पण स्पेअर नकोच, असंही मी म्हणत नाही. मॅगझिन हा झिजणारा भाग आहे. आपल्या फवारणी पंपाच्या नोझलसारखा. बिघडतं काय? बहुतेक वेळा वरचे ओठ. मॅगझिनच्या तोंडाशी दोन वळवलेल्या पत्र्याच्या कडा असतात, त्या काडतूस धरून ठेवतात आणि बरोबर कोनात पुढे देतात. भरलेलं मॅगझिन काँक्रीटवर तोंडावर पडलं की ओठ केसभर वाकतात. डोळ्यांना दिसत नाही, पण काडतूस नाक वर करून अडकायला लागतं. मग माणूस पिस्तुलाला शिव्या घालतो, दुकानदाराला फोन करतो, काडतुसाची कंपनी बदलतो. दोष असतो त्या एका मॅगझिनचा.

यावर उपाय फुकट आहे. मॅगझिनच्या बुडाला पेंटने १, २, ३ लिहायचं. अडकलं की वहीत नोंद: दोन नंबर, तिसरी गोळी. चार वेळा दोन नंबरच आला की चोर सापडला. आपण म्हशीच्या कानाला बिल्ला लावतो तो काय हौस म्हणून? दहा बिननंबरी मॅगझिनं एकाच पिशवीत खळखळत असतील तर खराब कोणतं ते जन्मात कळणार नाही. जास्त स्पेअर ठेवल्याने भरवसा वाढतो असं वाटतं, आणि इथे तर तो कमी होतो.

स्प्रिंगबद्दल एक समज आहे की मॅगझिन भरून ठेवलं की स्प्रिंग मरते. चांगली स्प्रिंग दाबून ठेवल्याने फारशी थकत नाही, दाब-सोड, दाब-सोड करून थकते. तरी घरात भरलेलं मॅगझिन ठेवायचं नाही, पण ते स्प्रिंगसाठी नाही, पोराबाळांसाठी. पॉइंट टू टूची आणखी एक खोड आहे. हिच्या काडतुसाला बुडाशी कडा असते. भरताना वरच्या काडतुसाची कडा खालच्याच्या मागे अडकली की गाडी थांबली. म्हणून एकेक बघून भरायचं. आणि हिची गोळी मेणचट शिशाची, त्यामुळे मॅगझिनमध्ये काळा चिकटा जमतो. उघडून कोरड्या फडक्याने पुसा. तेल नको. तेलाला धूळ चिकटते, आणि तेच तेल काडतुसात मुरलं तर बार फुसका जातो.

आता तो दहाचा आकडा येतो कुठून? अमेरिकेतून. तिथे १९९४ ते २००४ अशी दहा वर्षं दहापेक्षा जास्त गोळ्यांची नवी मॅगझिनं सामान्य माणसाला विकायला केंद्राच्या कायद्याने बंदी होती. कॅलिफोर्नियासारख्या राज्यांत आजही दहाची मर्यादा आहे. एकदा बंदी बघितलेला माणूस पुढच्या बंदीच्या भीतीने साठा करतो. टंचाईच्या अफवेवर आपण युरियाच्या गोणी आणून ठेवतो, तसंच. त्यांच्याकडे असेही खेळ आहेत ज्यात पळत पळत तीस-चाळीस गोळ्या मारायच्या असतात, तिथे कमरेला चार-पाच मॅगझिनं लागतात. त्यांची गरज त्यांच्यापाशी. आपल्या पोराने वरळीला पाच-पाचच्या फेऱ्या मारायच्या आणि खरेदी मात्र टेक्सासच्या हिशोबाने करायची, हे मला पटत नाही.

शिवाय आपला कायदा वेगळा आहे. शस्त्र कायदा १९५९ मध्ये शस्त्राची जी व्याख्या आहे तिच्यात शस्त्राचे सुटे भागसुद्धा येतात. म्हणजे मॅगझिन ही मोबाईलच्या कव्हरसारखी वस्तू नाही. परवानाधारक विक्रेत्याकडून, स्वतःच्या परवान्यावर, पक्क्या बिलाने घ्यायची. कोणी ओळखीतून आणून देतो म्हणाला तर लांब राहा. आणि २०१९ च्या दुरुस्तीने एका माणसाकडच्या बंदुकांची मर्यादा तीनवरून दोनवर आली आहे. परवान्याची मुदत तीनची पाच वर्षं झाली ती त्याच दुरुस्तीत. नावाजलेल्या खेळाडूंना वेगळी सवलत आहे, पण ती पदकवाल्यांसाठी.

त्याच कायद्याचं कलम १३ वाचण्यासारखं आहे. परवाना कोणाला द्यावा हे सांगताना त्यात दोन माणसं शेजारी शेजारी उभी केली आहेत. एक, पीक राखण्यासाठी ठासणीची बंदूक मागणारा. दुसरा, मान्यताप्राप्त रायफल क्लबाचा सभासद, निशाणेबाजीच्या सरावासाठी पॉइंट टू टू किंवा एअर रायफल मागणारा. म्हणजे मी आणि माझ्या गावातली ती पोरं. पुढे असंही म्हटलंय की ठासणीची पुरत नाही असं अधिकाऱ्याचं समाधान झालं तर शेतकऱ्याला दुसरी गुळगुळीत नळीची बंदूक देता येते. कोकणात खाली सिंधुदुर्ग-रत्नागिरीकडे ठासणीच्या बंदुका अजून बऱ्याच आहेत. दारू, वर चिंधी, मग छर्रे, गजाने ठासायचं, कॅप बसवायची, आणि एक बार. दुसरा बार भरेपर्यंत डुक्कर दुसऱ्याच्या शेतात. अशा माणसाला स्पेअर मॅगझिनचा सल्ला ऐकून हसूच येईल.

शेतकऱ्याचा खरा प्रश्न काडतुसांचा आहे. किती ठेवायची? एका वेळी किती बाळगायची आणि वर्षात किती घ्यायची, हे परवान्यावर लिहिलेलं असतं. दुकानदार प्रत्येक खरेदीची नोंद करतो. पण मिळतात तेवढी सगळी घेऊन ठेवायची गरज मला कधी वाटली नाही. पीक राखणीत एका हंगामात दोन आकडी बार झाले तरी खूप झाले, आणि तेही आवाजाचे. मी एक पेटी हाताशी आणि एक राखीव यापलीकडे जात नाही. कारण आमच्या खाडीकाठच्या हवेत काडतूस टिकत नाही. पितळी बुडावर हिरवट थर येतो, जुनी कागदी नळकांडी पावसाळ्यात फुगून नळीत जातच नाहीत. प्लॅस्टिकची बरी, पण बूड पितळीच. घट्ट झाकणाच्या डब्यात, ओल शोषणारी पुडी टाकून, बंदुकीपासून वेगळ्या कुलपात ठेवा. डब्यावर खरेदीचा महिना लिहा आणि जुनं आधी वापरा. बियाण्याच्या पिशवीला जो नियम, तोच.

आणि ती राखीव पेटी शेजाऱ्यासाठी नाही. "दादा, चार काडतुसं दे, उद्या आणून देतो" हे आपल्याकडे सर्रास चालतं. मीठ-साखर द्यावी तशी काडतुसं देता येत नाहीत. समोरच्याकडे परवाना नसेल तर दोघंही आत. हळदीला, वरातीला बार काढायला तर मुळीच नाही. २०१९ पासून आनंदाच्या गोळीबाराला दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही, अशी तरतूद आहे. नवरदेवाच्या मामाला हे सांगून ठेवा.

आमच्या पट्ट्यासाठी आणखी एक अडचण आहे, जी बाहेरच्यांना ठाऊक नसते. वसई-दिवा लाइनवर खारबावच्या अलीकडचं स्टेशन कामण रोड, आणि कामणच्या वर तुंगारेश्वरचं अभयारण्य, २००३ साली जाहीर झालेलं. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ चं कलम ३४ सांगतं की अभयारण्यात आणि त्याच्या दहा किलोमीटरच्या आत राहणाऱ्या परवानाधारकाने आपलं नाव वनखात्याकडे नोंदवायचं, आणि त्या टापूत नवीन परवाना द्यायचा तर मुख्य वन्यजीव रक्षकांची आधी संमती लागते. हे क्लबातल्या पोरांनाही लागू आहे, नुसतं आम्हाला नाही. अर्ज करण्याआधी आपलं गाव या अंतरात येतं का ते विचारून घ्या. नाहीतर पिस्तूल बुक, मॅगझिनचं बजेट तयार, आणि फाइल कुठे अडली तेच कळत नाही.

बंदुकीचा परवाना म्हणजे डुक्कर मारायचा परवाना, हा गैरसमज तर फारच पसरलेला. रानडुक्कर कायद्याने संरक्षित आहे. उभ्या पिकाचं नुकसान करणाऱ्या जनावराबद्दल कलम ११ खाली लेखी परवानगी निघू शकते, पण ती वनखात्याकडून, मागून. तीही अभयारण्याबाहेर. मारलेलं जनावर सरकारी मालमत्ता, मांस वाटलंत तर दुसरा गुन्हा. नुकसान झालं की फोटो काढा, अर्ज करा, पंचनामा करून घ्या. कंटाळवाणं आहे, पण पेटीभर काडतुसांपेक्षा त्या कागदाने जास्त मिळतं. आणि कुंपणात थेट लाइनचा करंट सोडायचा विचार कोणी करत असेल तर तो आजच सोडा, त्यात डुकराआधी माणूस मरतो.

खरं तर आमच्याकडे बार काढायला जागाच उरली नाही. वीस वर्षांपूर्वी शेताच्या पलीकडे शेत होतं. आता पलीकडे पत्र्याचं गोदाम, त्याच्यापुढे ट्रकची रांग, ट्रकखाली झोपलेला ड्रायव्हर. अंधारात छर्रे कुठे जाऊन पडतील याची खात्री नसेल तर चाप ओढायचा नाही, मग खिशात दोन काडतुसं असोत की वीस. मी आता रात्री बॅटरी आणि डबा जास्त वाजवतो, बंदूक कमी. कृषी सहायकांनी आणि कृषी पदवीधर मित्रांनी यावर काही उपाय सुचवले तर ते बंदुकीवरच्या सल्ल्यापेक्षा जास्त कामाचे ठरतील.

स्पेअर किती ठेवायचं, याचा माझा हिशोब शेतातूनच आलाय. तीन गोष्टी विचारायच्या: वस्तू मोडते किती वेळा, मोडली तर त्या तासाला किती नुकसान, आणि दुकान किती लांब. मळणी यंत्राचा पट्टा झोडणीच्या दिवशी तुटला आणि आभाळ भरून आलं तर सगळं भात भिजतं, म्हणून तो एक जास्तीचा कायम खुंटीला. फवारणी पंपाचं नोझल आणि वायसर स्वस्त, सारखे जातात, म्हणून चार-पाच. पॉवर टिलरचा गिअरबॉक्स कोणी घरात स्पेअर ठेवत नाही. मॅगझिन यात कुठे बसतं? मोडतं क्वचित, मोडलं तर एक फेरी किंवा एक दिवसाचा सराव जातो, पण दुकान मात्र कागदपत्रांच्या पलीकडे, म्हणून चटकन मिळत नाही. म्हणून एक नाही, दोन नाही, तीन. उरलेल्या सात मॅगझिनांच्या पैशात सरावाच्या गोळ्या, कानाचे चांगले मफ, डोळ्यांचा चष्मा आणि भिंतीत बसवलेलं लोखंडी कपाट येतं. कपाट आधी घ्या.

हे सगळं झालं तरी बंदूक घरात नसेल तर मॅगझिन आणि काडतुसं दोन्ही बिनकामाची, आणि ती वेळ निवडणुकीत येते. २०२४ च्या विधानसभेची आचारसंहिता १५ ऑक्टोबरला लागली आणि मतदान २० नोव्हेंबरला झालं, म्हणजे बरोबर भात पिकण्यापासून झोडणीपर्यंतचे दिवस. कोणाची बंदूक जमा करायची ते समिती ठरवते, सरसकट सगळ्यांची नाही, पण नोटीस आली की जमा करावीच लागते. पीक राखणीसाठी हवी असल्याचा अर्ज वेळेत दिला तर त्याचा विचार तरी होतो, म्हणून आचारसंहितेची वाट न बघता सातबारा आणि आधीच्या नुकसानीचा पंचनामा एका फाइलीत लावून ठेवा. जमा करायची वेळ आलीच तर नळीला आतून हलकं तेल देऊन, कापडी पिशवीत घालून द्या, फोमच्या पिशवीत ओल धरते. मॅगझिनवाली असेल तर मॅगझिनं किती दिली, काडतुसं किती दिली, हे आकड्यात आणि अक्षरात पावतीवर आलं आहे का, ते चौकीच्या पायऱ्या उतरायच्या आधी वाचून घ्या.